डावीकडची बैठक

महिपती पोवार आमच्या शेडच्या दारात आले ते बायकोला घेऊन, आणि बायको आली ती चार पुडांचा डबा घेऊन. एसटीतून उतरून दोघं उन्हातून चालत आली होती. पोवार उंच, किंचित वाकलेले, अंगात इस्त्रीचा सफारी. आत पाऊल टाकण्याआधी ते चपला काढायला लागले.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "खाली लोखंडाचा कीस पडलाय, पायात जाईल."

"गाडी आत हाय न्हवं?" ते म्हणाले. "गाडीपाशी जायचं म्हणून काढत हुतो."

आमची जाहिरात त्यांनी पेपरातून कापून खिशात आणली होती. एसटीत ड्रायव्हर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बायकोचं नाव हौसाबाई. तिनं डबा कमरेवर पेलून शेडभर नजर फिरवली आणि मला म्हणाली, "गाडीतलं सगळं ह्येंनाच कळतंय. मी आपली संगट आलेय."

मी आत बघितलं. आमचे हे लेथपाशी पाठ करून उभे होते. पाहुणे आलेले त्यांना चांगले दिसले होते. पाठ मुद्दाम केली होती.

हे म्हणजे हिंदुराव चौगुले, माझे यजमान. कोल्हापूरच्या बाहेर केर्लीजवळ, जोतिबाच्या फाट्याच्या अलीकडं आमची शेड होती आणि तिच्यात आम्ही गाड्या बनवायचो. दुरुस्त नव्हे, बनवायचो. दोन माणसं बसतील अशा, बुटक्या, उघड्या आणि पळणाऱ्या. 'वारू' हे नाव यांनीच ठेवलेलं. सांगाडा इथंच जोडायचा, फायबरचं अंग इथंच ओतायचं, आणि बैठकांचं कातडं मी शिवायची. वर्षाला चार-पाच गाड्या निघत. फौंड्रीवाले, साखर कारखान्यांचे संचालक, एखादा हौशी डॉक्टर, असली आमची गिऱ्हाइकं.

यांची एक खोड होती. गाडी तयार होत आली की गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायचं. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन रसायनं एकत्र ओतायची, पिशवी ड्रायव्हरच्या जागी ठेवायची आणि त्या माणसाला तिच्यावर बसवायचं. रसायन फुगत फुगत त्याच्या कमरेभोवती, पाठीभोवती चढायचं आणि तिथंच घट्ट व्हायचं. तोवर त्यानं हलायचं नाही. जमीन हादरू नये म्हणून सगळी यंत्रं बंद, ठोकाठोकी बंद. कामगार भोवती जमायचे, चहा व्हायचा, आणि हे समोर पालथ्या खोक्यावर बसून त्या माणसाशी गप्पा मारायचे. याला आम्ही 'बैठक ओतणं' म्हणायचो. ज्याची बैठक ओतली त्याच्याशी यांची कायमची गट्टी. मला तर गिऱ्हाइकं चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त आठवायची.

पुढं त्या लोकांची मुलं मोठी झाली आणि परदेशी गाड्या घ्यायला लागली. आदल्या वर्षी आमचा एकच वारू गेला होता, त्या वर्षी एकही नाही. आमचे जुने दस्तगीर मिस्त्री आणि बाकीची माणसं सकाळी यायची, हत्यारं पुसायची आणि संध्याकाळी घरी जायची. माझ्याच्यानं ते बघवेना. लहान गाडी काढायची हे तेव्हा माझ्याच डोक्यातून निघालं. मारुतीचं इंजिन, एकच रंग, ताडपत्रीचं छप्पर, कातड्याऐवजी रेक्झिन. वारूच्या किमतीच्या पाव हिश्श्यात बसेल अशी. साध्या नोकरदाराला परवडली पाहिजे. कामगार तिला 'धाकटी' म्हणायला लागले आणि तेच नाव पडलं.

यांनी कुरकुरत सगळं कबूल केलं. अडलं ते बैठकीपाशी. एका गाडीमागं अर्धा दिवस शेड बंद ठेवली तर धाकटी स्वस्त कशी होणार? मी म्हटलं, बाजारच्या तयार सीट बसवू, मागं-पुढं सरकणाऱ्या.

"मग ती गाडी कुणाची?" यांनी विचारलं.

"जो घेईल त्याची."

"तसं नसतंय, विजू."

त्यानंतर हे रुसले. पहिली धाकटी पूर्ण झाली, दुसरीचं अंग सांगाड्यावर चढलं, दोन्ही यांच्याच हातची. पण तयार झालेल्या पहिलीत हे एकदाही बसले नाहीत. तेवढ्यात संगमरवराचे व्यापारी पारसमलजी शेड गोडाऊनसाठी मागायला लागले. यांच्या मनात द्यायचं येऊ लागलं होतं. मी भांडले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. एक माणूस दाखव. स्वतःच्या कमाईतून, स्वतःच्या हौसेनं धाकटी घेणारा एकच माणूस. साधा माणूस दोन सीटची गाडी घेतच नाही, हे तुला कळत नाही. असा एक जण आला तर शेड द्यायची नाही. नाहीतर पारसमलजी विसार घेऊन येतील त्या दिवशी तू गप्प बसायचं."

पारसमलजी त्याच संध्याकाळी येणार होते. जाहिरात वाचून तोवर आली होती ती नुसती कॉलेजची पोरं. बोनेटवर बसून फोटो काढून गेली. म्हणून पोवारांना बघून माझा जीव कसा खालीवर होत होता ते माझं मला ठाऊक.

"अहो," मी हाक मारली. "यांना गाडी चालवून बघायचीय. तुम्ही जाता ना?"

"तूच जा," हे लेथकडंच बघत म्हणाले. "तुझी गाडी आहे."

पोवारांनी धाकटीभोवती एक फेरी मारली. चारी टायरांवर मूठ आपटून आवाज ऐकला. मग आत बसून आधी स्टिअरिंगला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि गाल फुगवून म्हणाले, "लई खाली बसवलंय की वो. एशटीतनं मानसं खाली दिसायची. आता कुत्र्याच्या उंचीनं रस्ता दिसाय लागलाय."

पण फाट्यावरून वळून आम्ही जोतिबाच्या घाटाला लागलो आणि माणूस बदलला. वळणावर त्यांचे हात इतके सहज फिरत होते की गाडी आपली आपणच वळतेय असं वाटावं. चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू. "ही तर सांगंल तिकडं जातीया," ते म्हणाले. मनातल्या मनात मी शेड वाचवली, माणसांचे पगारही देऊन टाकले.

पुढं एसटीचा थांबा आला आणि गाडी कडेला जाऊन उभी राहिली.

"काय झालं? बंद पडली?"

"न्हाई न्हाई." ते ओशाळले. "पाय आपसूक जातोय ब्रेकवर."

आम्ही दोघंही हसलो. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. तिथं कुणी नव्हतंच, तरी ते मान वळवून बघून घेत होते. तिसऱ्या थांब्यावर मात्र एक म्हातारी दवण्याची पाटी घेऊन उन्हात उभी होती. गाडी तिच्यासमोर बरोबर थांबली. म्हातारीनं खाली वाकून आम्हाला बघितलं.

"वर निघालायसा न्हवं?"

पोवारांनी माझ्याकडं बघितलं. मोठा अवघड प्रसंग होता. हो म्हणावं तर तिला बसायला जागा नाही, नाही म्हणायची त्या माणसाला सवय नाही. शेवटी मीच उतरले. म्हातारी माझ्या जागी बसली, पाटी मांडीवर घेतली, आणि गाडी बनवणारी मी तिथं थांब्याच्या कठड्यावर, पदर डोक्यावर घेऊन बसून राहिले. येणारे-जाणारे बघत होते.

पोवार परत आले तेव्हा हसू मावळलेलं होतं.

"वैनी, गाडी झ्याक हाय," मी बसल्यावर ते म्हणाले. "असली गाडी मी हातात धरली न्हवती. पर मला न्हाई जमायचं."

"का हो? किमतीचं म्हणत असाल तर..."

"किमतीचं न्हाई. फंडाचं पैसे हैत. पर रस्त्याला मानसं उभी असत्यात वो. आज तुमी उतरलासा, रोज कोन उतरणार? त्यास्नी तसंच ठेवून फुडं जायचं, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाई. आमी मारुतीच घेतो एकादी. मागं तिघं तरी बसत्यात."

मला राग आला, आणि राग काढायला कुणी नव्हतं. माणूस इतका भला, की त्याच्या भलेपणापायीच आमची शेड जाणार होती. यांचंच खरं ठरलं होतं. साधा माणूस दोन सीटची गाडी घेत नाही.

शेडपाशी आलो तर आत एकही आवाज नाही. लेथ बंद, ग्राइंडर बंद, दस्तगीर मिस्त्रींचा हातोडाही बंद. मला वाटलं पारसमलजी लवकर आले, सौदा झाला आणि माणसं घरी गेली. धावतच मी आत शिरले.

सगळी माणसं आतच होती. दुसऱ्या धाकटीच्या अर्धवट सांगाड्याभोवती कोंडाळं करून उभी, आणि प्रत्येकाच्या हातात भाकरीचा तुकडा. डबा रिकामा होऊन लेथवर ठेवलेला. मध्ये, डाव्या बाजूच्या खळग्यात, प्लास्टिकच्या पिशवीवर हौसाबाई ताठ बसलेली. रसायन तिच्या काखेपर्यंत चढलं होतं. हातात चहाची बशी, आणि समोर खोक्यावर आमचे हे.

"आवाज करू नको," हे मला म्हणाले. "जमीन हादरती."

"काय चाललंय हे? धाकटीला बैठक ओतायची नाही असं ठरलंय ना आपलं?"

"ड्रायव्हरची नाही ओतली," हे म्हणाले. "डावीकडची ओततोय."

आजवर एवढे वारू निघाले, डावीकडची बैठक आम्ही कधी ओतली नव्हती. तिथं एक सपाट गादी असायची. शेजारी कोण बसणार याचा विचार कुणी केलाच नव्हता. गिऱ्हाइकानं नाही, यांनी नाही, ती गादी शिवणाऱ्या मीसुद्धा नाही.

"त्येंचा काय दोष न्हाई, बाई," हौसाबाई मान न वळवता म्हणाली. "पाय दुखत हुतं म्हणून हे दादा खुर्ची द्याला लागलं. मी म्हटलं, खुर्ची नगो, ह्या गाडीत जरा बसू का? डायव्हरच्या शेजारी बसलं की कसं दिसतंय ते बघायचं हुतं."

"म्हणजे?"

"आवो, म्हायेरला जायचं तर मी ह्येंच्याच गाडीनं जायची. पर डायव्हरच्या शेजारी इंजान, आणि मागं जाळी. जाळीच्या मागं पयल्या बाकड्यावर बसायचं आणि ह्येंची पाठ बघायची. सणासुदीला ह्येंची जादा गाडी. जत्रंला जादा गाडी. लगीन झाल्यापास्नं मी पाठच बघितलीया माणसाची." तिनं चहाचा घोट घेतला. "पेपरातली जाहिरात मीच कापली. ह्येंना वाटतंय त्येंनी कापली."

माणसं हसली. हे हसले नाहीत. हे तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी ओळखत होते. ज्याची बैठक ओतली जाते त्याच्याकडंच हे तसं बघायचे.

तेवढ्यात पोवार आत आले. त्यांनी बायकोला त्या अवस्थेत बघितलं आणि चपला काढायचंही विसरले.

"हौसा, ऊठ," ते हळूच म्हणाले. "आपल्याला ही गाडी घ्यायची न्हाई."

"उठता येत न्हाई आता. हलायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"अगं, दोनच सीटा हैत. थांब्याला मानसं उभी असत्यात. त्यास्नी काय सांगायचं?"

कुणी भाकरीही चावेना. हौसाबाईनं मान वळवली नाही. समोर, जिथं पुढं काच बसणार होती तिकडं बघत ती म्हणाली, "काय सांगायचं म्हंजे? जलमभर काय सांगितलंसा? गाडी भरली की काय म्हणत हुतासा?"

पोवार पायातल्या चपलांकडं बघायला लागले.

"म्हणा की."

"मागनं गाडी यायलीय," पोवार पुटपुटले.

"तेच सांगायचं," हौसाबाई म्हणाली. "आता आपली गाडी भरली."

पहिल्यांदा दस्तगीर मिस्त्री हसले, तेही तोंडावर हात धरून, कारण जमीन हादरायची नव्हती. पोवारांनी एक खोकं ओढलं आणि ते आमच्या यांच्या शेजारी बसले. बायकोकडं त्यांनी समोरून नीट बघितलं. बराच वेळ बघत होते. मग यांना विचारलं, "ही सीट वाळाय किती येळ लागंल?"

"वाळत नसतीय, घट्ट होती," हे म्हणाले. "थांबा थोडं."

"थांबतो की," पोवार म्हणाले. "आता कुठं जायचंय."

मी यांच्या मागं जाऊन उभी राहिले. "एक माणूस दाखव म्हणाला होतात," मी हळूच म्हटलं.

"दोन आली," हे पाठमोरेच म्हणाले.

पारसमलजी पेढ्यांचा पुडा घेऊन ठरल्या वेळेला आले. हे त्यांना दारातच सामोरे गेले. शेड द्यायची नाही म्हणाले. पारसमलजींनी रक्कम वाढवायची तयारी दाखवली, तर हे म्हणाले, "तसं नव्हे हो. इथं काम आहे आम्हाला." पारसमलजी मनाचे मोठे, पेढे ठेवून गेले.

पोवार दोघं एसटीनं गेली, कामगारही घरी गेले. ऊन उतरून दारापर्यंत आलं होतं. मला राहवेना. आनंद झाला होता, पण माझा स्वभाव असा, की आनंद झाला की लगेच हिशेब सुचतो.

"हौसाबाईंची ओतलीत, ठीक आहे," मी म्हटलं. "पण प्रत्येकीची ओतत बसलात तर धाकटी परवडायची नाही. वर्षभरात पारसमलजींनाच हाक मारावी लागेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

"एकच ओतायची. तिच्यावरून साचा काढायचा. सगळ्या धाकट्यांना डावीकडं तीच." हे बोलता बोलता नवी पिशवी झटकत होते. "रेक्झिन तेच, वेळ तोच. खर्च वाढत नाही."

"आणि ओतायची कुणाची?"

यांनी रसायनाचे डबे उघडले. "बस," म्हणाले.

"मी?"

"मग आता कुणाला बोलावू?"

"अहो, माझी पाठ बघितलीत का? शिवून शिवून डावा खांदा खाली आलाय."

"बघितलीय," हे म्हणाले. "बस."

मी चपला काढून, पदर खोचून, हौसाबाईची बैठक काढून मोकळ्या झालेल्या त्या खळग्यात उतरले. इतक्या बैठका मी शिवल्या, पण रसायन घट्ट होताना गरम होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला कमरेपाशी ऊब आली, मग पाठीवर चढत गेली. हे समोर खोक्यावर बसले. गिऱ्हाइकांपुढं यांचं तोंड बंद व्हायचं नाही. माझ्यापुढं यांना शब्द सापडेना.

"बोला की काहीतरी," मी म्हटलं.

"तुला काय विचारू? सगळं माहीतच आहे." मग म्हणाले, "तू ही लहान गाडी काढायची म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, माझ्या गाड्यांची तुला लाज वाटायला लागली."

"लाज कसली हो? भीती वाटत होती."

"कसली?"

"शेड गेली तर सकाळी उठून तुम्ही कुठं जाल, याची. मला दुसरं काही दिसत नव्हतं."

हातातलं फडकं घडी करत हे म्हणाले, "आपण आपल्या गाडीतनं कधी कुठं गेलोच नाही, विजू." खरंच होतं. वारू तयार झाला की गिऱ्हाइकाच्या घरी जायचा आणि आम्ही दोघं स्कूटरवरून आमच्या घरी. "पहिली धाकटी आहे तयार. उद्या पन्हाळ्याला जाऊया का?"

उगीचच डोळे भरले माझे. हुंदका आला तसे हे ताडकन उठले. "हलू नको. हलू नको, बिघडंल सगळं." एवढ्यातही यांना बैठकीचीच काळजी, म्हणून मला हसू फुटलं. मग हेही हसायला लागले. मी हसू दाबायला गेले तर डावीकडं आणखीच कलले. रसायन तोवर आवळलं होतं. दोघंही हसत होतो आणि मी रडतही होते, आणि सरळ होण्याची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दस्तगीर मिस्त्रींनी ती बैठक उलटसुलट करून बघितली. "वहिनी, डाव्या अंगाला खड्डा पडलाय," म्हणाले. "मालक, परत ओतूया." हे नको म्हणाले. साचा तिच्यावरूनच निघाला. पोवारांनंतर एक ग्रामसेवक आला, मग शाळेतल्या दोन बाई, मग पानपट्टीवाला. पुढं पुढं सांगली-बेळगावची माणसं यायला लागली. शेड धाकटीनं जगवली. तिच्या जिवावर मधूनच एखादा वारूही निघायचा, यांच्या समाधानासाठी. पोवारांची सोडली तर सगळ्या धाकट्यांची डावी बैठक मात्र त्या एकाच संध्याकाळची.

हल्लीच आम्ही पन्हाळ्याला गेलो होतो, तेव्हा गडाच्या तीन दरवाज्यापाशी एक लाल धाकटी उभी दिसली. रंग उडालेला, छप्पर नवं घातलेलं. डावीकडच्या बैठकीवर एक मुलगी, नव्या लग्नाची असावी, तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती. डाव्या अंगावर कलून, अगदी आरामात. मी बघत राहिले. एवढ्यात तिचा नवरा दोन भाजलेली कणसं घेऊन आला. आम्ही निरखून बघतोय हे बघून त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं असावं.

"जुनी गाडी आहे, काका," तो यांना म्हणाला. "घरी हिला रात्र रात्र झोप लागत नाही. या सीटवर बसली की लगेच लागते. काय आहे त्या सीटमध्ये, कळत नाही."

मी काही बोलणार, तेवढ्यात यांनी माझा हात धरला. भर रस्त्यात, चारचौघांत, असा हात यांनी कधी धरला नव्हता.

"झोपू दे तिला," हे त्या मुलाला म्हणाले, आणि पावलांचा आवाज न करता मला तिथून पलीकडं घेऊन गेले.